घरी बांधलेल्या विमानाचा ‘स्लो’ कसा लावायचा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उद्यमबागेत आणि मच्छ्याच्या कारखान्यांत लेथवर हात बसलेली, डोळे मिटून इंजिन खोलणारी माणसं बेळगावात भरपूर आहेत. हत्तरगीला तर मोठ्या विमानांचे सुटे भाग तयार होतात. त्यामुळे एखाद्यानं शेडमध्ये दोन आसनी विमान बांधायला घेतलं की आजूबाजूच्यांना त्याचं फार नवल वाटत नाही. सांगाडा, वेल्डिंग, फायबर यांत आपली माणसं कुठंच कमी पडत नाहीत. अडतात ती एका लहान स्क्रूपाशी. थ्रॉटल पूर्ण मागं ओढल्यावर इंजिन मिनिटाला किती फेऱ्यांवर फिरत राहावं, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘स्लो’ किती ठेवावा, हा प्रश्न निपाणीपासून खानापूरपर्यंत सगळीकडून मला येतो. वर्षानुवर्षं तोंडी दिलेली उत्तरं इथं लिहून ठेवतो आहे.

मोटारसायकलचा स्लो आम्ही कानानं लावतो. विमानाचा का लावू नये?

कारण मोटारसायकल सिग्नलला उभी असताना तिचा स्लो लागतो, आणि तो तुम्ही उभ्या गाडीवरच लावता. विमानाचा स्लो लागतो तो उतरताना, आणि लावता मात्र जमिनीवर उभं राहून. या दोन जागी इंजिनाची परिस्थिती एकसारखी नसते.

थ्रॉटल बंद करून विमान खाली येत असतं तेव्हा समोरचा वारा प्रोपेलरला फिरवतो. म्हणजे पंखाच इंजिनाला ओढत असतो. जमिनीवर ७०० फेऱ्यांवर लावलेलं थेट जोडणीचं (मध्ये गिअरबॉक्स नसलेलं) इंजिन ग्लाइडमध्ये हजाराच्या आसपास दिसू शकतं. हे बघून पायलटला वाटतं, इंजिन मजेत चाललंय. मग धावपट्टीवर येऊन तो नाक उचलतो, वेग उतरतो, वाऱ्याची ती मदत संपते आणि फेऱ्या भराभर खाली येतात. इंजिन बंद पडायचं असेल तर ते याच क्षणी पडतं : चाकं टेकताना किंवा टेकल्यावर पन्नास-शंभर मीटरांत. नेमकी हीच वेळ असते जेव्हा समोर कुत्रं आलं, म्हैस आली किंवा विमान उसळलं, तर पुन्हा रेस देऊन वर जावं लागतं.

म्हणून स्लो लावायचा तो या क्षणासाठी. शेडबाहेर तो किती गोड वाजतो यासाठी नाही.

आकडा सांगा ना. किती ठेवू?

पहिला आकडा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलचा, माझा नंतर. तरी अंदाज यावा म्हणून सांगतो. लायकमिंगच्या ओ-३२० किंवा ओ-३६० सारख्या थेट जोडणीच्या इंजिनांना जड धातूचा पंखा असेल तर ६०० ते ७०० फेऱ्या चालतात. तिथं पंखाच फ्लायव्हीलचं काम करतो. तेच इंजिन हलक्या लाकडी किंवा कंपोझिट पंख्यानं चालवत असाल तर थोडं वर यावं लागतं, कारण पंख्याच्या वजनात साठलेला जोर कमी असतो आणि एखादा ठोका चुकला की इंजिन लगेच मान टाकतं. फोक्सवॅगनवरून बनवलेल्या इंजिनांचंही तसंच.

रोटॅक्स ९१२ ला किमान १४०० फेऱ्या दिलेल्या आहेत. पण हा आकडा इंजिनाचा आहे, पंख्याचा नाही. मध्ये गिअरबॉक्स आहे : ८० अश्वशक्तीच्या यूएलला २.२७ ला १, १०० अश्वशक्तीच्या यूएलएसला २.४३ ला १. म्हणजे यूएलएसवर १४०० ला पंखा जेमतेम ५७६ नं फिरतो. इतक्या खाली गिअरबॉक्स खडखडायला लागतो; प्रत्येक ठोक्याला दात पुढं-मागं आपटतात. त्यामुळे बरेच जण १६०० ते १८०० वर ठेवतात, आणि माझंही मत तेच आहे. पण १८०० च्या वर जायच्या आधी पुढचा प्रश्न वाचा.

मग सरळ दोनशे फेऱ्या जास्तच ठेवतो. बंद पडण्यापेक्षा बरं. काय बिघडतं?

बरंच बिघडतं. मला सर्वात जास्त आढळणारी चूक हीच आहे, कारण ती सुरक्षित वाटते.

पंख्याची ओढ फेऱ्यांच्या वर्गाप्रमाणे वाढते. ७०० वरून ९०० वर गेलात तर फेऱ्या वाढल्या २९ टक्के, पण उभ्या विमानावरची ओढ वाढली ६५ टक्के. कमी स्लोवर ग्लाइडमध्ये पंखा थोडा ब्रेकसारखा काम करतो, विमान आपोआप खाली बसतं. स्लो वाढवला की तो ब्रेक जातो, मग विमान जमिनीलगत तरंगत राहतं, टेकतच नाही. ५५ नॉटचा वेग म्हणजे सेकंदाला २८ मीटर. पाच सेकंद तरंगलात तर १४० मीटर धावपट्टी मागं गेली. शेतालगतची पट्टी ४०० मीटरची असेल तर एक तृतीयांश गेली, आणि अजून चाकं लागलेली नाहीत. मग माणूस घाईनं नाक खाली दाबतो, पुढचं चाक आधी आपटतं, विमान उसळतं. मोडलेले नोजगिअर मी पाहिलेत, आणि त्यातल्या काहींच्या मुळाशी हा स्क्रू होता.

जमिनीवरही त्रास आहे. टॅक्सी करताना विमान स्वतःहून पळतं, मग पाय सतत ब्रेकवर. एकदा एका मित्राच्या विमानाच्या डिस्कवर मी पाण्याचा थेंब टाकला. तव्यावर पडावा तसा चर्र झाला आणि नाहीसा झाला. ते विमान फक्त शेडपासून पट्टीच्या टोकापर्यंत जाऊन परत आलं होतं. उतरल्यावर लागणारे ब्रेक त्यानं उडायच्या आधीच तापवून ठेवले होते.

कमी ठेवला तर बंद पडतं, एवढंच ना?

ते मुख्य. त्याशिवाय प्लग काळे होतात, इंजिन थरथरतं, माउंटचे रबर लवकर जातात, तापलेल्या इंजिनाचा ऑइलचा दाब खाली येतो. गरम इंजिन स्लोवर असताना ऑइल गेज बघायची सवय लावा : लायकमिंगला किमान २५ पीएसआय, रोटॅक्स ९१२ ला ०.८ बार. त्याच्या खाली काटा जात असेल तर स्लो वाढवून काटा वर आणणं हा उपाय नव्हे. आधी ऑइल, त्याचा ग्रेड आणि बेअरिंग बघा.

बेळगावच्या उंचीनं काही फरक पडतो का?

पडतो, आणि बहुतेक जण तो धरतच नाहीत. सांबऱ्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २४९० फुटांवर आहे. इथली हवा साध्या दिवशीही समुद्रकाठापेक्षा सुमारे सात टक्के विरळ असते. एप्रिलच्या दुपारी पारा ३६ वर गेला की विमानाच्या दृष्टीनं तुम्ही साडेपाच हजार फुटांवर असता.

कार्बोरेटरचा स्लो जेट मात्र तेवढंच पेट्रोल सोडत राहतो. हवा कमी, पेट्रोल तेवढंच, म्हणजे मिक्श्चर रिच. किटबरोबर आलेलं इंजिन कारखान्यात समुद्रसपाटीच्या आसपास लावलेलं असेल तर इथं ते स्लोवर डुगडुगतं, काळा धूर टाकतं, आणि दोन मिनिटं स्लोवर ठेवून एकदम रेस दिली की गुदमरतं. अशा वेळी लोक स्पीडचा स्क्रू पिळून स्लो वाढवतात. दुखणं मिक्श्चरचं, औषध स्पीडचं. इंजिन चालतं खरं, पण आता ते रिचही आहे आणि विमानाला ओढतंही आहे.

विरळ हवेचा आणखी एक हिशेब. वेगदर्शकावर ५५ नॉट दिसत असताना त्या एप्रिलच्या दुपारी जमिनीवरचा खरा वेग ६० च्या जवळ असतो. म्हणजे तरंगणं, घरंगळणं, ब्रेक, सगळंच आधी वाढलेलं. त्यात जास्त स्लोची भर घालू नका. चोर्ला घाट उतरून गोव्याच्या बाजूला नेलंत, तर उलट होतं : इथं नीट लावलेलं मिक्श्चर तिथं किंचित लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडलेलं, लागतं. दोन्हीकडे उडणार असाल तर दोन्हीकडे तपासा.

कार्ब हीटचा स्लोशी काय संबंध?

हा धडा मी स्वतःच्या चुकीतून शिकलो, म्हणून सविस्तर सांगतो.

डिसेंबरातल्या एका सकाळी आम्ही इंजिन लावलं. हवा कोरडी, गार. ६५० ला इतकं शांत बसलं की बोनेटवर ठेवलेल्या पितळी वॉशरची जागाही हलेना. शेजारच्या गॅरेजचे मिस्त्रीमामा येऊन म्हणाले, “काय वो, झकास बसलाय की स्लो!” आम्हीही खूश. कार्ब हीटचा, म्हणजे कार्बोरेटरला गरम हवा देणारा, नॉब कुणी हातातच घेतला नाही.

जुलैमध्ये पावसानं उघडीप दिल्यावर तेच विमान उतरत होतं. पट्टीलगतच्या भाताच्या खाचरांत पाणी उभं, हवेत ओल मुरलेली, तापमान तेवीस-चोवीस अंश. पायलटनं नियमाप्रमाणे कार्ब हीट ओढली, थ्रॉटल बंद केलं. नाक उचललं आणि पंखा थांबला. समोर लाकडी पातं उभंच्या उभं दिसत होतं. विमान टेकलं, ओल्या गवतावर घरंगळलं आणि नीट उभं राहिलं. पट्टी मोकळी होती म्हणून निभावलं.

कारण साधं होतं. कार्ब हीट गरम हवा देते, गरम हवा विरळ, म्हणजे मिक्श्चर आणखी रिच आणि फेऱ्या आणखी कमी. आम्ही स्लो लावला तो हीट बंद ठेवून, आणि वापरला तो हीट चालू ठेवून. आता नियम केला आहे : शेवटची तपासणी हीट पूर्ण ओढून. तशा स्थितीतही इंजिन एक मिनिट न अडखळता चाललं पाहिजे.

हीट वापरणं टाळणं हा मात्र मार्ग नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर, विशेषतः खानापूर-जांबोटीच्या बाजूला, हवा ओलीचिंब असते. पेट्रोलची वाफ होताना कार्बोरेटरच्या गळ्यातलं तापमान खूप खाली जातं आणि बाहेर वीस-पंचवीस अंश असतानाही आत बर्फ धरतो. थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते तेव्हा त्या फटीत थोडासा बर्फही पुरतो. “आपल्याकडं कुठला बर्फ?” असं म्हणणारे खूप भेटतात. बर्फ कार्बोरेटरमध्ये धरतो, शेतात नाही.

प्रत्यक्ष लावायचा कसा? क्रमानं सांगा.

आधी पंख्याचा विचार. विमानाची शेपटी जमिनीत पक्क्या रोवलेल्या खुंट्याला किंवा ट्रॅक्टरला बांधा, चाकांना दोन्हीकडून उटी लावा, कॉकपिटमध्ये ब्रेकवर पाय ठेवून जाणता माणूस बसवा. पोरंटोरं, कुत्री, लोंबते रुमाल दूर. आणि स्क्रू फिरवायचा तो इंजिन बंद करून, प्रत्येक वेळी. फिरत्या पंख्यामागं हात घालून पाव फेरा वाचवण्यात काही शहाणपण नाही. किल्ली बंद आहे म्हणजे पंखा निर्जीव झाला असंही धरू नका. मॅग्नेटोची (प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राची) अर्थची वायर तुटली असेल तर हातानं फिरवलेला पंखाही इंजिन चालू करतो.

मग इंजिन खरं तापवा. रोटॅक्स ९१२ ला आधी २००० वर दोन मिनिटं, मग ऑइल ५० अंशांवर येईपर्यंत २५००. गार इंजिनाचा स्लो लावून काही उपयोग नाही. उतरताना इंजिन गार नसतं. प्लग, मॅग्नेटो, एअर फिल्टर ठीक आहेत याची खात्री करा. इनटेकच्या रबरी जोडाला चीर असेल तर तिथून हवा ओढली जाते आणि तुम्ही दिवसभर स्क्रू फिरवत बसाल.

लायकमिंगसारख्या, मिक्श्चरचा नॉब असलेल्या इंजिनात पुढची पायरी सुंदर आहे. स्लोवर असताना मिक्श्चर सावकाश मागं ओढा आणि काट्याकडे बघा. इंजिन बंद पडण्याआधी फेऱ्या २५ ते ५० नं वर गेल्या पाहिजेत. पन्नासपेक्षा जास्त वर गेल्या तर रिच आहे. अजिबात न चढता थेट खाली आल्या तर लीन. मिक्श्चरचा स्क्रू थोडा फिरवा, इंजिन पुन्हा चालू करून एकदा रेस देऊन प्लग साफ होऊ द्या, परत बघा. मिक्श्चर बसलं की स्पीडचा स्क्रू. स्पीड बदलला की मिक्श्चर पुन्हा थोडं हलतं, म्हणून दोन-तीन वेळा मागं-पुढं करावं लागतं. कंटाळू नका.

शेवटी दोन कसोट्या. थ्रॉटल पूर्ण मागून एकसारख्या हातानं पुढं न्या, दोन-तीन सेकंदांत. इंजिन न गुदमरता उचललं पाहिजे. मग मध्यम रेसवरून झटकन बंद करा. फेऱ्या खाली येऊन स्लोवर थांबल्या पाहिजेत. त्याच्या खाली जाऊन धडपडत वर येत असतील तर अजून काम बाकी आहे.

सगळं नीट लावलं, तरी रोज वेगळा स्लो येतो. का?

दहापैकी बऱ्याच वेळा केबल. थ्रॉटल मागं ओढल्यावर कार्बोरेटरचा अडथळा स्क्रूला टेकतो की कॉकपिटमधला लीव्हर आधी आपल्या खाचेला टेकतो, हे बघा. लीव्हर आधी टेकत असेल तर तुमचा स्लो स्क्रू ठरवत नाही, केबल ठरवते. केबलचं आवरण तापलं, इंजिन माउंटवर झुकलं, की स्लो बदलला. कार्बोरेटरवर आधी टेकलं पाहिजे आणि त्यानंतर लीव्हरला थोडी मोकळीक उरली पाहिजे. पुढच्या टोकालाही तेच. एकजण कॉकपिटमध्ये, एकजण कार्बोरेटरशी, दोघांनी मोठ्यानं बोलत हे तपासावं.

रोटॅक्स ९१२ वाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवा : त्या बिंग कार्बोरेटरांच्या स्प्रिंगा थ्रॉटल उघडायच्या बाजूला ओढतात. केबल तुटली तर इंजिन स्लोवर येत नाही, पूर्ण रेसवर जातं.

रोटॅक्सचे दोन कार्बोरेटर आहेत. दोन्हींचे स्क्रू सारखेच फिरवले की झालं?

नाही. दोन्ही बाजूंचा व्हॅक्यूम गेजवर जुळवावा लागतो. आधी केबल मोजून जुळवा, मिक्श्चरचे स्क्रू मॅन्युअलप्रमाणे दीड फेरा उघडे ठेवा, मग दोन्हींना जोडणारी नळी वेगळी करून गेज लावा. एक बाजू ओढते आणि दुसरी लोंबते अशा इंजिनाचा स्लो १८०० दाखवला तरी ते म्हशीसारखं अंग झाडत राहतं आणि गिअरबॉक्स मार खातो.

टॅकोमीटरवर किती विश्वास ठेवू?

एकदा ऑप्टिकल टॅकोमीटरनं पडताळून घ्या. हार्डवेअरच्या बाजारात मिळतो. पात्यांची संख्या बरोबर भरा, आणि तो पंख्याच्या फेऱ्या सांगतो, इंजिनाच्या नाही, हे विसरू नका. बाहेर उजेडात मोजा. शेडमधल्या ट्यूबलाइटकडे तोंड असेल तर तो दिव्याचं लुकलुकणं मोजतो : आपली वीज ५० हर्ट्झची, सेकंदाला शंभर लुकलुक, दोन पात्यांच्या हिशेबानं बरोबर ३०००. थांबलेल्या पंख्यासमोर ३००० आकडा बघून एक पोरगा घाबरला होता.

पंपावरचं पेट्रोल चालतं का?

रोटॅक्स ९१२ ला दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालतं. आपल्या पंपांवर आता वीस टक्क्यांचं ई२० मिळतं. ऊस आणि इथेनॉल आपल्याच भागातलं असलं तरी या बाबतीत प्रेम बाजूला ठेवा. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यानं मिक्श्चर लीन होतं, स्लो सतत वर-खाली होत राहतो, जुने रबर आणि फायबरच्या टाक्या फुगतात, ओल धरली की पाणी वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. इंजिन कंपनीनं लेखी मान्य केलेलंच इंधन घाला.

स्लोवर ठेवून केलेला उतरायचा सराव म्हणजे खऱ्या बंद इंजिनाचाच सराव ना?

तसं नाही. स्लोवर फिरणारा पंखा, वाऱ्यानं फिरणारा बंद पंखा आणि थांबलेला पंखा, तिघांचा अडथळा वेगवेगळा. स्लो जास्त असलेल्या विमानात सराव केलात तर विमान खरं जाईल त्यापेक्षा लांब जातं असा चुकीचा अंदाज मनात बसतो. ज्या दिवशी इंजिन खरंच बंद पडेल त्या दिवशी तुम्ही पट्टीच्या अलीकडच्या उसात उतराल.

हवेत कसं तपासायचं?

पट्टीच्या अगदी माथ्यावर, जमिनीपासून तीन हजार फुटांवर, आकाश मोकळं असताना. कार्ब हीट ओढा, थ्रॉटल पायरीपायरीनं बंद करा, ग्लाइडच्या वेगावर एक मिनिट येऊ द्या. मग वेग हळूहळू स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल सुटते त्या वेगाच्या, जवळ आणा. हीच फ्लेअरची, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलण्याची, नक्कल. इंजिन इथं टिकलं तर धावपट्टीवर टिकेल. मग रेस देऊन बघा, उचलतंय का. इंजिन थांबलंच तर खाली पट्टी आहे आणि हातात वेळ आहे.

हे सगळं अर्थात डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) उड्डाणाची परवानगी हातात असेल तरच. सांबरा हा हवाई दलाचा तळ आहे, तिथल्या आकाशात मनानं जाता येत नाही. परवानगी मिळत नाही म्हणून चोरून उडणाऱ्यांना एवढंच सांगतो : मुंबईत गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादवांनी वर्षानुवर्षं कागदांचा पाठपुरावा केला आणि २०१९ मध्ये परवानगी घेतली. तोपर्यंत इंजिन जमिनीवर चालवा, शिकण्यासारखं तिथं पुष्कळ आहे.

एकदा लावल्यावर पुन्हा कधी तपासायचा?

पंख्याचा पिच, म्हणजे पात्यांचा कोन, बदलला की लगेच. पिच वाढवला की स्लो खाली येतो. पंखा, केबल, कार्बोरेटर, एअरबॉक्स यांतलं काहीही उघडलं की. आणि ऋतू बदलला की : मार्चमध्ये, पाऊस सुरू होताना, आणि दिवाळीनंतर थंडी पडली की. लॉगबुकात फक्त ‘स्लो ठीक’ लिहू नका. तारीख, हवेचं तापमान, ऑइलचं तापमान, हीट बंद असताना फेऱ्या, हीट चालू असताना फेऱ्या, स्क्रू कुठल्या दिशेला किती फिरवला, हे सगळं लिहा. आमच्या त्या डिसेंबरच्या पानावर एकच आकडा होता, ६५०. त्याच्या शेजारी हीटचा रकाना असता तर तो रिकामा दिसला असता, आणि कुणीतरी विचारलं असतं.